मिनिएचर गुलाबाची पारख: नवा वाण घरच्या बागेत कसा तपासावा

मिनिएचर गुलाबात झुडूप, पान, काटा, कळी आणि फूल असे सगळेच लहान असते आणि एकमेकांच्या प्रमाणात असते. झुडपाची उंची साधारण ३० ते ६० सेंटिमीटर, फुलाचा व्यास बहुधा अडीच ते पाच सेंटिमीटर. देखभालीच्या बाबतीत मात्र तो पूर्ण गुलाब आहे: त्याला ऊन लागते, छाटणी लागते, भुरी आणि काळे ठिपके त्याच्यावरही येतात. कुंडीत आणि गॅलरीत मावतो म्हणून शहरातल्या बागेत त्याला मागणी आहे, आणि दर हिवाळ्यात रोपवाटिकांत नवे वाण दिसू लागतात. यातला कोणता वाण आपल्याकडे टिकेल आणि फुलत राहील, हे विकायला ठेवलेली बहरलेली कुंडी पाहून ठरत नाही. झाड किमान एक वर्ष, हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा या तिन्ही ऋतूंतून नेऊन, आधी ठरवलेल्या निकषांवर पाहावे लागते.

वंश आणि त्यातून येणारे गुणदोष

या गटाचे मूळ चीनमधल्या ठेंगण्या गुलाबात आहे. ‘रोझा चायनेन्सिस’चे एक बुटके, वारंवार फुलणारे रूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पोहोचले, काही दशके कुंड्यांत मिरवले आणि मग मागे पडले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूले नावाच्या स्विस लष्करी डॉक्टरांना एका डोंगरी खेड्यात घरांच्या खिडक्यांत असा गुलाब लावलेला आढळला. जिनिव्हाचे वनस्पतितज्ज्ञ हेन्री कोरेव्हाँ यांनी त्याची रोपे वाढवून ‘रोझा रूलेती’ या नावाने तो बागप्रेमींपुढे आणला. हॉलंडमधल्या बोस्कोप गावचे यान द विंक यांनी त्याचा पॉलिअँथा गटातल्या ‘ग्लोरिया मुंडी’शी संकर केला. त्यातून निघालेला वाण १९३६ मध्ये अमेरिकेत ‘टॉम थंब’ या नावाने विक्रीस आला. स्पेनमध्ये पेद्रो दोत यांनी ‘बेबी गोल्ड स्टार’सारख्या वाणांतून या गटात पिवळा रंग आणला.

पुढचा मोठा टप्पा कॅलिफोर्नियातल्या विसेलिया गावी पार पडला. तिथल्या सिक्वोया नर्सरीचे राल्फ मूर (१९०७ ते २००९) यांनी आयुष्यभर मिनिएचर गुलाबांचे संकर केले. वेलीसारखा पसरणारा ‘रोझा विचुरायाना’, कळीवर शेवाळासारखी लव असणारे मॉस गुलाब, पट्टेरी पाकळ्यांचे जुने गुलाब अशा अनेकांचे गुण त्यांनी या छोट्या झुडपात उतरवले. ‘ग्रीन आइस’, ‘मॅजिक कॅरोसेल’ आणि ‘राइज अँड शाइन’ हे १९७० च्या दशकातले त्यांचे वाण जगभर गेले.

हा वंश पारख करणाऱ्याला उपयोगी पडतो. चिनी पूर्वजाकडून वारंवार फुलण्याची सवय आणि बारीक फांद्या येतात. पॉलिअँथाकडून घोसाने फुलणे येते, तर विचुरायानाकडून चकचकीत पान आणि पसरट वाढ. सुबक, टोकदार कळी बहुतेकदा हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडा गटांतून आलेली असते, आणि त्या रक्ताबरोबर झाडाचा आकारही वाढतो. मिनिएचरपेक्षा मोठ्या पण फ्लोरिबंडापेक्षा लहान अशा वाणांची संख्या इतकी वाढली की अमेरिकन रोझ सोसायटीने १९९९ मध्ये त्यांच्यासाठी ‘मिनिफ्लोरा’ हा वेगळा वर्ग मान्य केला. नवा वाण घेताना तो या दोनपैकी कोणत्या वर्गातला आहे हे आधी विचारावे. मिनिफ्लोरा वाणाला मोठी कुंडी लागते, आणि मिनिएचरच्या मापाने त्याला तोलले तर त्याच्यावर अन्याय होतो.

संस्था पारख कशी करतात

अमेरिकन रोझ सोसायटी १९७५ पासून नव्या मिनिएचर वाणांना ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’ देते. वाण वेगवेगळ्या हवामानाच्या चाचणी बागांत दोन वर्षे लावले जातात. कळी आणि फुलाचा आकार, उमलताना व नंतरचा रंग, फुलांची संख्या, झाडाची ठेवण, जोम, पाने, रोगप्रतिकार आणि नावीन्य अशा निकषांवर परीक्षक गुण देतात. याच सोसायटीचा ‘रोझेस इन रिव्ह्यू’ हा उपक्रम १९२६ पासून चालू आहे. त्यात सभासद आपापल्या घरच्या बागेतल्या नव्या वाणांना दहापैकी गुण देतात, आणि देशभरातल्या गुणांची सरासरी काढली जाते. बागेतली कामगिरी आणि प्रदर्शनातली कामगिरी यांचे गुण वेगळे असतात, कारण प्रदर्शनात बक्षीस मिळवणारे फूल देणारे झाड बागेत रोगट आणि उघडेबोडके असू शकते.

जर्मनीतली ‘एडीआर’ चाचणी सर्वांत कडक मानली जाते. तिथे तीन वर्षे निरीक्षण होते आणि १९९७ पासून चाचणीच्या गुलाबांवर कीटकनाशक वा बुरशीनाशक फवारलेच जात नाही. वाणाची स्वतःची ताकद दिसावी हा त्यामागचा हेतू.

भारतात पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली वाणाची नोंदणी होते. त्यासाठी वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता अशी तीन अंगे तपासली जातात. वाण खरोखर नवा आहे का, हे या चाचणीतून कळते. तो बागेत चांगला चालेल का, हे कळत नाही. परदेशी चाचण्यांचे निष्कर्षही इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. थंड देशात गुलाबापुढचा मोठा प्रश्न बर्फाचा असतो. महाराष्ट्रात तो एप्रिल-मेच्या उन्हाचा आणि चार महिन्यांच्या ओलीचा असतो. कोडईकनाल येथील एम. एस. वीरराघवन यांनी उष्ण हवामानासाठी गुलाब घडवताना ‘रोझा क्लायनोफिला’ आणि ‘रोझा जायगँशिया’ या भारतीय उपखंडातल्या जातींचा वापर केला, त्यामागे हेच कारण होते. एखाद्या गावात वाण कसा वागतो हे शेवटी त्या गावातल्या बागेतच कळते.

दुकानातली कुंडी फसवी का ठरते

बाजारात येणारी मिनिएचर गुलाबाची बरीचशी रोपे हरितगृहात वाढवलेली असतात. एकाच छोट्या कुंडीत तीन-चार फाटे कलमे लावून कुंडी भरगच्च दाखवली जाते. झुडूप आटोपशीर राहावे म्हणून काही उत्पादक वाढ रोखणारी द्रव्येही वापरतात. घरी आल्यावर त्या द्रव्याचा परिणाम ओसरतो आणि वीस सेंटिमीटरचे झुडूप दुप्पट उंच होते. हवा बदलल्याने पानेही गळतात. म्हणून नवे रोप आणल्यावर पहिले दोन-तीन महिने त्याला गुणही देऊ नयेत आणि दोषही. पहिला बहर रोपवाटिकेचा असतो. वाणाचा बहर त्यानंतर सुरू होतो.

रोप स्वतःच्या मुळांवरचे आहे की डोळा भरलेले, हेही नोंदवायला हवे. मिनिएचर गुलाब फाटे कलमाने सहज लागतो, त्यामुळे तो पुष्कळदा स्वतःच्या मुळांवरच मिळतो. काही रोपवाटिका मात्र जोमदार रानटी खुंटावर डोळा भरतात. असे झाड लवकर वाढते, फुलेही मोठी देते, पण त्यात खुंटाच्या जोमाचा वाटा असतो. एक वाण स्वतःच्या मुळांवर आणि दुसरा खुंटावर असेल तर त्यांची तुलना करू नये. खुंटावरच्या झाडात डोळ्याच्या जोडाखालून फुटणारे धुमारे वेळीच काढावे लागतात, नाहीतर काही महिन्यांत कुंडीत खुंटच उरतो.

चाचणीची मांडणी

एका झाडावरून वाणाचा निकाल देणे धोक्याचे असते. त्या एका रोपाची मुळे कमजोर असू शकतात किंवा कुंडीचा निचरा बिघडलेला असू शकतो. प्रत्येक नव्या वाणाची निदान दोन, जमल्यास तीन रोपे घ्यावीत. त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे आपल्या बागेत चांगला चाललेला एखादा जुना मिनिएचर वाण तुलनेसाठी ठेवावा. एखाद्या वर्षी सगळ्याच झाडांवर भुरी आली तर दोष हवामानाचा असतो. जुने झाड स्वच्छ आणि नवे भुरीने पांढरे असेल तर दोष वाणाचा असतो. तुलनेच्या झाडाशिवाय हा फरक कळत नाही.

सर्व झाडांना सारखी वागणूक मिळाली पाहिजे. आठ ते दहा इंचांची एकसारखी कुंडी, पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत आणि निचऱ्यासाठी वाळू किंवा कोकोपीट यांचे एकच मिश्रण, आणि रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे. गच्चीवर कठड्यालगतच्या कुंड्या जास्त तापतात आणि गॅलरीत आतल्या बाजूच्या कुंड्यांना ऊन कमी मिळते. त्यामुळे दर महिन्याला कुंड्यांच्या जागा बदलाव्यात. खत एकाच दिवशी, एकाच मापाने द्यावे. गुलाबाला किंचित आम्ल माती मानवते. चुनखडीयुक्त काळी माती आणि बोअरचे जड पाणी मिळाल्यावर कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाच्या कमतरतेचा परिणाम असतो, वाणाचा दोष समजू नये. मात्र त्याच पाण्यावर एखादा वाण हिरवागार राहत असेल तर ती त्याची जमेची बाजू आहे.

पहिल्या वर्षी प्रतिबंधक म्हणून बुरशीनाशक फवारू नये, नाहीतर वाणाची स्वतःची प्रतिकारशक्ती दिसत नाही. झाड दगावण्याची वेळ आली तर आधी रोगाची नोंद करावी आणि मग उपचार करावा. कुंडीला वाणाचे नाव, रोप कुठून आणले, लागवडीची तारीख आणि मुळांचा प्रकार लिहिलेली पट्टी लावावी. शिसपेन्सिलीने लिहिलेली अक्षरे पेनापेक्षा उन्हापावसात जास्त टिकतात. हीच माहिती वहीतही असावी.

ऋतुमानानुसार निरीक्षण

महाराष्ट्रात गुलाबाचे वर्ष ऑक्टोबरच्या छाटणीने सुरू होते. पाऊस ओसरल्यावर मिनिएचर झुडूप वरून एक तृतीयांश ते निम्मे कापावे, वाळलेल्या आणि आत गर्दी करणाऱ्या काड्या काढाव्यात. मोठ्या गुलाबात पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढून टाकण्याची रीत आहे. इथे ती चालत नाही, कारण मिनिएचर गुलाब बारीक काड्यांवरच फुलतो. छाटणीची तारीख आणि त्यानंतर पहिले फूल उमलण्याची तारीख या दोन्हींमधल्या दिवसांवरून वाण लवकर बहरणारा आहे की उशिरा, हे कळते.

डिसेंबर-जानेवारीत गुलाब सर्वांत देखणा असतो. फुलाचा आकार, पाकळ्यांची संख्या आणि खरा रंग याच काळात नोंदवावा. गावोगावची गुलाब प्रदर्शनेही याच सुमारास भरतात, आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन अनेक वाण एकाच जागी पाहण्याची संधी देते. हिवाळ्यातला शत्रू म्हणजे भुरी. दिवसा कोरडी हवा आणि रात्री गारठा व दमटपणा असला की कोवळी पाने आणि कळ्यांचे देठ पांढऱ्या पिठाने माखल्यासारखे दिसतात. भुरीला पान ओले असावे लागत नाही, त्यामुळे पाऊस नसतानाही ती फोफावते.

मार्चपासून पारख कठीण होते. उन्हाने फुले लहान होतात, पाकळ्या कमी भरतात, पिवळा आणि जर्दाळू रंग एका दिवसात फिका पडतो, गडद लाल पाकळीच्या कडा करपतात. फुलकिड्यांमुळे पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात आणि कळ्या धड उमलत नाहीत. मिनिएचर गुलाबाला सर्वांत जास्त छळणारी कीड म्हणजे लाल कोळी. झुडूप बुटके आणि दाट, त्यामुळे जमिनीलगतच्या पानांच्या मागे तिला आडोसा मिळतो. तीस अंशांच्या वर तापमान गेले की तिची एक पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते. पानांवर बारीक पिवळसर ठिपके, मागच्या बाजूला जाळी आणि मग पानगळ हा तिचा क्रम. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय आहे. सगळ्या झाडांना सारखाच फवारा देऊनही जो वाण आधी उघडा पडतो, तो उन्हाळ्यात कच्चा समजावा.

पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांची परीक्षा असते. पान सलग सहा-सात तास ओले राहिले की या बुरशीचे बीजाणू रुजतात. आधी खालच्या पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे डाग येतात, पान पिवळे पडते आणि गळते. काही वाण ऑगस्टअखेर नुसत्या काड्या होतात, काहींची निम्मी पाने टिकतात, थोड्यांवर डागही दिसत नाही. सप्टेंबरमध्ये प्रत्येक झाडावर अंदाजे किती हिस्सा पाने उरली, हा एकच आकडा वाणाबद्दल खूप काही सांगतो. फांद्या टोकाकडून काळ्या पडून वाळत येणे, म्हणजे शेंडेमर, हीसुद्धा या काळात तपासायची गोष्ट आहे.

गावागणिक निकाल बदलतो. कोकण आणि गोव्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे काळ्या ठिपक्यांना न दबणारा वाणच टिकेल. विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे उन्हाळ्यात जिवंत आणि हिरवे राहणे ही पहिली कसोटी. नाशिक, पुणे, सातारा या पट्ट्यात हवा तुलनेने सौम्य, म्हणून तिथे फुलाच्या रूपाकडे जास्त लक्ष देता येते.

फुलाची आणि झाडाची कसोटी

फुलात पहिली गोष्ट आकार. प्रदर्शनाच्या मापाने फूल अर्धे ते पाऊण उमललेले असताना मधला भाग उंच आणि भोवतालच्या पाकळ्या एकसारख्या वळलेल्या असाव्यात. पण सपाट, पेल्यासारखी किंवा चेंडूसारखी भरगच्च फुलेही आपापल्या जागी उत्तम असतात. पाहायचे ते इतकेच की वाण आपला आकार फुलागणिक सारखा राखतो का. पाकळ्या मोजाव्यात. चार ते आठ पाकळ्यांचे फूल एकेरी, सतरा ते पंचवीस पाकळ्यांचे दुहेरी आणि एक्केचाळीसच्या वरचे अतिभरगच्च मानतात. फार भरगच्च फुले दमट हवेत उमलतच नाहीत, कळीतच सडतात.

रंग उमलताना, पूर्ण उमलल्यावर आणि सुकताना असा तीनदा पाहावा. झाडावर फूल किती दिवस टिकते, फुलदाणीत किती दिवस, सुकलेल्या पाकळ्या आपोआप गळतात की तपकिरी होऊन चिकटून राहतात, हेही लिहावे. सुगंधाची अपेक्षा माफक ठेवावी. बहुतेक मिनिएचर वाणांना वास नसतो. मूर यांच्या ‘स्वीट चॅरियट’सारखे सुवासिक वाण अपवादात्मक आहेत. वास सकाळी, ऊन चढण्यापूर्वी घ्यावा.

झाडात बुडापासून नवे फुटवे येतात का, हे सर्वांत महत्त्वाचे. जुन्या काड्यांवरच भागवणारा वाण दोन-तीन वर्षांत थकतो. पेरे आखूड, पाने फुलाच्या मापाची आणि झुडूप खालपर्यंत पानांनी झाकलेले असावे. मोठ्या पानांत हरवलेले इवले फूल किंवा काटकुळ्या देठावर लोंबणारे जड फूल म्हणजे प्रमाण चुकले. सुकलेले फूल कापल्यापासून त्याच फांदीवर पुढचे फूल येईपर्यंतचे दिवस मोजावेत. सहा-सात आठवड्यांत पुन्हा फुलणारा वाण चांगला. एखाद्या फांदीवर अचानक वेगळ्या रंगाची फुले आली तर ती उत्परिवर्तनाने आलेली असू शकतात. ज्या वाणात असे वारंवार घडते तो अस्थिर समजावा.

घरच्या बागेसाठी शंभर गुणांची विभागणी अशी करता येईल: रोग आणि किडींना प्रतिकार २५, जोम आणि झाडाची ठेवण २०, फुलांची संख्या आणि पुन्हा फुलण्याची गती २०, फुलाचा आकार १५, रंग आणि त्याचा टिकाऊपणा १०, फूल टिकण्याचा काळ ५, सुगंध ५. गुण प्रत्येक ऋतूच्या शेवटी द्यावेत आणि तिन्हींची सरासरी काढावी. केवळ प्रदर्शनासाठी गुलाब लावणाऱ्याने आकाराचे गुण वाढवावेत. एकाच गावातल्या तीन-चार बागांनी हाच तक्ता वापरला तर निकाल अधिक भरवशाचा होतो.

घरी तयार केलेली रोपे

काही हौशी माळी स्वतः संकर करून बिया लावतात. मिनिएचर गुलाबाचे बियाणे यासाठी सोयीचे असते, कारण वारंवार फुलणाऱ्या पालकांची रोपे उगवल्यानंतर काही आठवड्यांतच पहिली कळी देतात. ती कळी लहान आणि कमी पाकळ्यांची असते, तिच्यावरून रोप टाकू नये आणि निवडूही नये. भुरीने लगेच ग्रासलेली रोपे मात्र सुरुवातीलाच काढावीत. उरलेल्यांतून आवडलेल्या रोपांची फाटे कलमे करून ती वर सांगितलेल्या पद्धतीने दोन वर्षे तपासावीत. कलमांवर तोच रंग, तोच आकार आला तरच वाण स्थिर म्हणता येतो. दुसऱ्याच्या नोंदणीकृत वाणाची रोपे विक्रीसाठी वाढवायची असतील तर हक्कधारकाची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

पहिल्या वर्षी साठाहून कमी गुण मिळालेल्या वाणाला आणखी एक वर्ष द्यावे, कारण मिनिएचर गुलाब दुसऱ्या वर्षी जम बसवतो. दुसऱ्या वर्षीही तो साठाच्या खालीच राहिला तर त्याचे नाव कितीही मोठे असले तरी तो काढून टाकावा आणि त्याची कुंडी दुसऱ्या वाणाला द्यावी.